पितळी पातेल्याची गोष्ट

तान्ह्या मुलांचा जीव घेणाऱ्या लिव्हरच्या एका आजाराचा माग काढत पुण्याचे डॉक्टर थेट स्वयंपाकघरात पोचले. रेवदंड्याच्या माळ्यावर सापडलेल्या एका भांड्याच्या निमित्तानं...

'व्हिंटेज' वस्तूंचं मला सॉलिड वेड. त्यामुळे गेल्या महिन्यात वीकएंडला आजोळी गेले, तेव्हा पहिला मोर्चा माळ्याकडेच वळवला. गेटवेहून मांडव्याची लाँच, पुढे अलिबाग आणि मग रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्या... मूड एकदम मस्त होता. माळ्यावर बंब होता, घंगाळ होतं आणि एक देखणं पितळी पातेलं. चिंच लावून घासलं की माझ्या फ्लॅटमधल्या मनी प्लांटसाठी परफेक्ट!

"बाकी काय हवं ते ने. ते नको," आजी म्हणाली. "त्यात थोरल्याचं दूध तापायचं."

माझा थोरला मामा. फोटोतही मी त्याला कधी पाहिलेलं नाही. आजीला दूध पुरेना म्हणून तिसऱ्या महिन्यापासून त्याला म्हशीचं वरचं दूध सुरू केलं. वर्षाचा झाल्यावर पोट फुगायला लागलं, हातपाय काड्यांसारखे झाले, पोर सारखं किरकिरायचं. 'लिव्हर वाढलंय,' असं निदान झालं. पुढे कावीळ झाली. १९७१ च्या पावसाळ्यात तो गेला. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं आईचं दूध बाधलं. आजी गप्प राहिली.

शंभर वर्षांचं कोडं

रात्री डॉक्टर मैत्रिणीला फोन लावला. लक्षणं ऐकून ती म्हणाली, "इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस असणार, शंभर टक्के नाही सांगता येणार." मग काय, पहाटेपर्यंत जुने रिसर्च पेपर वाचत बसले.

दारूचा थेंबही न चाखलेल्या बाळांना सिऱ्हॉसिस! १८८७ मध्ये कलकत्त्यात या आजाराचं वर्णन झालं होतं, पण पुढची जवळजवळ शंभर वर्षं कारण सापडलं नाही. एकाच घरातली भावंडं दगावायची, म्हणून आजार रक्तातूनच येतो असंही वाटायचं.

१९७९ मध्ये मोठा धागा हाती लागला. आजारी मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं नेहमीच्या कितीतरी पट जास्त होतं. ते येतं कुठून? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत शोध सुरू केला. आजारी आणि निरोगी मुलांच्या घरच्यांना त्यांनी अगदी साधे प्रश्न विचारले. वरचं दूध कधी सुरू केलं? कशात तापवलं? कशात ठेवलं?

उत्तर तिथेच होतं. १९८३ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं : फार लवकर सुरू केलेलं जनावराचं दूध, आणि तेही पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुधातलं प्रोटीन हे तांबं धरून ठेवतं. मोठ्यांचं शरीर जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं, तान्ह्या बाळाला ते नीट जमत नाही. मग ते लिव्हरमध्येच साचत जातं.

फक्त आपल्याकडेच नाही बरं का! ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये १९०० ते १९७४ या काळात अशाच आजारानं १३८ मुलं गेल्याचं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही तांब्याची भांडी होती, आणि ती बदलल्यावर आजार थांबला. काही मुलांच्या जनुकांमध्ये मुळातच हा धोका जास्त असावा, असंही तिथल्या अभ्यासातून दिसलं.

पुण्याच्या टीमनं शरीरातलं तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन हे औषध वापरून पाहिलं. लवकर आलेली काही मुलं त्यानं वाचलीही. पण खरा बदल घडवला तो एका सल्ल्यानं : भांडं बदला. स्टील, ॲल्युमिनियम घरोघरी आलं आणि आज हा आजार क्वचितच दिसतो.

तेव्हा ऑफिसच्या डेस्कवर तांब्याची बाटली मिरवणाऱ्यांनो, त्यात लिंबूपाणी किंवा ताक भरू नका. आणि घरात बाळ असेल तर त्याचं दूध पितळेत किंवा तांब्यात नको म्हणजे नकोच.

आजीला सांगू की नको?

सकाळी चहा घेताना सांगून टाकलं. आजी बराच वेळ कपाकडे बघत राहिली.

"म्हणजे माझ्याच हातानं दिलं की गं."

"आजी, तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं."

"कल्हईवाला त्या वर्षी आलाच नव्हता गावात," ती म्हणाली. मग जरा थांबून, "ते पुण्याचे डॉक्टर आयांना बोलले का काही?"

"नाही. भांडं बदला, एवढंच म्हणाले."

आजीनं मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून मामाचं नाव ऐकलं. वसंता. मग ती त्याच्याबद्दल दुपारपर्यंत बोलत होती. तो कसा रांगायचा, वाडीत पडलेल्या सुपाऱ्या कशा गोळा करायचा...

पातेलं मी आणलं नाही. ते अजून माळ्यावरच आहे.