कराराचं पान सोबत हवं

चाकणच्या कारखान्यात बनलेलं यंत्र अमेरिकेत विकलं गेलं की ते बसवून द्यायला इथला इंजिनिअर जातो. बी-१ व्हिसा मिळाला की कंपनीच्या लेखी तयारी संपते. वास्तविक व्हिसा असला तरी आत घ्यायचं की नाही आणि किती दिवसांसाठी, हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. मग जाणाऱ्याला पढवलं जातं : 'मीटिंग आहे' एवढंच सांग, जास्त बोलू नकोस. माझ्या मते यासारखी घातक तयारी दुसरी नाही. सामानात हत्यारांची पेटी, फोनमध्ये महिनाभराच्या शिफ्टचं वेळापत्रक आणि तोंडी 'मीटिंग', म्हटल्यावर संशय येणारच. फोन तपासायचा अधिकारही त्या अधिकाऱ्याला असतो. खरं तर लपवण्यासारखं काही नसतंच. बाहेरच्या देशातून घेतलेलं यंत्र बसवणं, दुरुस्त करणं, ही कामं तिथल्या कामगारांना शिकवणं बी-१वर चालतं. फक्त ही सेवा विक्रेत्यानेच द्यायची असं विक्रीच्या करारात लिहिलेलं हवं, जाणाऱ्याला त्या यंत्राची खास माहिती हवी आणि त्याचा पगार अमेरिकेतून होता कामा नये. प्रत्यक्ष बांधकामाला हात लावायला मात्र परवानगी नाही. अडचण अशी, की करार विक्री विभागाकडे, कामाचं स्वरूप सांगणारं कंपनीचं पत्र एचआरकडे, तिकीट एजंटकडे. आणि काउंटरवर उभा राहणाऱ्याने यातलं काहीच धड वाचलेलं नसतं.

बहुतेकांना दोन-चार प्रश्न विचारून सोडतात, मग एवढा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. बहुतेकांना सोडतात हे खरंच. पण ज्याला बाजूच्या खोलीत नेतात त्याला तिथे वकील मागण्याचा हक्क नसतो आणि तिथूनच हद्दपारीचा आदेश निघाला तर साधारणपणे पाच वर्षं प्रवेश बंद होतो. कंपनी दुसरा माणूस पाठवते, नोंद मात्र याच्या नावावर राहते. शेवटी सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर, हा दुसरा आक्षेपही अर्धाच खरा आहे. सप्टेंबर 2025 मध्ये जॉर्जियात ह्युंदाई-एलजीच्या बॅटरी कारखान्याच्या जागेवर धाड पडली आणि 475 जणांना ताब्यात घेतलं. त्यांत तीनशेहून अधिक कोरियन होते. विमानतळावरून सुखरूप सुटलेल्या माणसालाही पुढे कामाच्या जागी जाब द्यावा लागतो, आणि तिथे पढवलेलं उत्तर टिकत नाही. म्हणून पत्रातलं काम आणि प्रत्यक्ष करायचं काम वेगळं असेल तर कंपन्यांनी तिकीटच काढू नये. इंजिनिअरनेही कराराचं ते पान मागून घ्यावं, स्वतः वाचावं आणि ते हातात आल्याशिवाय निघू नये.