दिसेल असं सांगा: वस्तू, जागा आणि माणसाचं इंग्रजी वर्णन

शिरपूर तालुक्यातल्या सगळ्या बचत गटांच्या ताया, काकू आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलींनो, आज आपण इंग्रजीबद्दल बोलणार आहोत. घाबरू नका. एबीसीडीपासून सुरुवात नाही करायची. ज्यांना थोडंफार येतं, पण बोलताना गाडी मध्येच अडते, त्यांच्यासाठी हे बोलणं आहे.

आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी शाळेत गेलेल्या आपण बऱ्याच जणी पाचवीपासून इंग्रजी शिकलो. दहावी झाली, कुणाची बारावी झाली. पाटी वाचता येते, फॉर्म समजतो, मुलांचा अभ्यास घेता येतो. वस्तूचं नावही सांगता येतं. पण "ते कसं आहे?" असं कुणी विचारलं की आपण "व्हेरी गुड, व्हेरी नाइस" म्हणतो आणि गप्प बसतो.

प्रदर्शनात हे फार जाणवतं. मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये राज्यभरातले गट येतात. दिल्लीच्या सरस मेळ्यात देशभरातले येतात. समोर थांबलेलं गिऱ्हाईक आपलं पाकीट उचलतं आणि विचारतं, "व्हॉट इज धिस?" आपण म्हणतो, "बिबडी. व्हेरी टेस्टी." गिऱ्हाईक मान हलवून पुढच्या स्टॉलवर जातं. माल चांगलाच होता, पण त्या गिऱ्हाइकाला बिबडी डोळ्यांपुढे दिसलीच नाही.

म्हणून आजची एकच गोष्ट लक्षात ठेवा. वर्णन म्हणजे चांगल्या शब्दांची माळ नव्हे. ज्याने पाहिलं नाही त्याला दिसायला हवं, आणि ते ऐकून त्याला पुढचं काम करता यायला हवं. घ्यायचं की नाही, कुठे वळायचं, गर्दीत कुणाला शोधायचं, हे त्याला कळलं तर वर्णन जमलं.

एका "आहे"चे तीन तुकडे

आपल्या मराठीत "आहे" म्हटलं की भागतं. अहिराणीत "शे" म्हटलं की भागतं. "पापड पातळ आहे", "तिला दोन मुली आहेत", "गावात किल्ला आहे", तिन्हीकडे तोच शब्द. इंग्रजीत मात्र तिन्ही वाक्यं वेगळी होतात.

गोष्ट कशी आहे हे सांगताना "इज": "द पापड इज थिन." कुणाकडे किंवा कशाला काय आहे हे सांगताना "हॅज": "शी हॅज टू डॉटर्स", "द हाऊस हॅज थ्री रूम्स." आणि एखाद्या जागी काय आहे हे पहिल्यांदा सांगताना "देअर इज": "देअर इज अ फोर्ट इन द व्हिलेज." बऱ्याच जणी "इन माय व्हिलेज इज अ फोर्ट" असं म्हणतात, कारण मराठी वाक्य तसंच चालतं. इंग्रजीत सुरुवातीला "देअर" बसवा. किल्ला एकापेक्षा जास्त असेल तर "देअर आर". हे तीन तुकडे हातात आले की अर्धं वर्णन जमलं.

वस्तू: आधी काय, मग कशाची, मग कशासाठी

आता बिबडी घेऊ. खान्देशाबाहेर ती फार कुणाला माहीत नाही. म्हणून पहिलं वाक्य ओळखीच्या गोष्टीला धरून सांगा: "बिबडी इज अ काइंड ऑफ पापड." म्हणजे हा एक पापडाचा प्रकार. दुसरं वाक्य, कशाची आहे: "इट इज मेड फ्रॉम जोवार." ज्वारीला देशभरात जोवार म्हणून ओळखतात. तिसरं, त्यात काय काय आहे: "इट हॅज सेसमी सीड्स, गार्लिक अँड चिली." चौथं, कशी केली: "वी सोक द जोवार, ग्राइंड इट, कुक इट, स्प्रेड इट ऑन अ क्लॉथ अँड ड्राय इट इन द सन." पाचवं, कशी खायची: "यू कॅन रोस्ट इट ऑर फ्राय इट." पाच छोटी वाक्यं झाली, आणि "व्हेरी" एकदाही लागलं नाही.

"व्हेरी बिग" म्हणण्यापेक्षा माप किंवा ओळखीची वस्तू द्या. "इट इज ॲज बिग ॲज अ प्लेट", म्हणजे ताटलीएवढी. तिखट सांगताना "हॉट" म्हटलं तर काहींना गरम वाटेल, म्हणून "स्पायसी" म्हणा. आणि "अ लिटल स्पायसी" की "टू स्पायसी फॉर चिल्ड्रन", हेही सांगा. लहान मुलाची आई तेच ऐकायला थांबलेली असते.

विशेषणांचा क्रमही सांभाळायला हवा. मराठीत "लाल सुती जुनी गोधडी" म्हटलं काय किंवा "जुनी लाल सुती गोधडी" म्हटलं काय, कुणी अडवत नाही. इंग्रजीत रांग ठरलेली असते. आधी आपलं मत, मग आकारमान, मग जुनं-नवं, मग गोल-चौकोनी, मग रंग, मग कुठलं, आणि शेवटी कशापासून केलेलं. "अ सॉफ्ट ओल्ड रेड कॉटन क्विल्ट." सोपी खूण अशी की जे वस्तूपासून वेगळंच करता येत नाही ते नावाच्या अगदी जवळ बसतं. सूत काढून घेतलं तर गोधडीच उरत नाही, म्हणून "कॉटन" शेवटी. "सॉफ्ट" हे आपलं मत, म्हणून ते सर्वांत लांब. एका वाक्यात दोन-तीन विशेषणं पुरे. सातही कोंबली तर ऐकणारा दमतो.

ऐकणाऱ्याच्या मनात आधीच एखादं चित्र असतं, त्याचाही विचार करा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण बाहेरच्या माणसाला वांगं म्हटलं की जांभळं आठवतं. म्हणून सांगायचं, "इट इज नॉट पर्पल. इट इज बिग अँड लाइट ग्रीन, अँड इट हॅज फ्यू सीड्स." मनातलं चुकीचं चित्र आधी पुसलं की खरं चित्र लवकर उमटतं.

जागा: लांबून जवळ या

जागेचं वर्णन करताना बाहेरून आत यायचं. नकाशावर बोट ठेवल्यासारखं. "शिरपूर इज अ टाउन इन धुळे डिस्ट्रिक्ट, इन द नॉर्थ ऑफ महाराष्ट्र. इट इज ऑन द मुंबई-आग्रा हायवे. द अरुणावती रिव्हर फ्लोज थ्रू द टाउन. द सातपुडा हिल्स आर टू द नॉर्थ." आता हैदराबादचा माणूससुद्धा आपल्याबरोबर शिरपुरात पोचला.

मराठीतला "त" आणि "वर" इथे फसवतो. आपण "स्टँडवर भेट" म्हणतो, पण इंग्रजीत "ऑन द बस स्टँड" नव्हे, "ॲट द बस स्टँड". गावासाठी, जिल्ह्यासाठी "इन". रस्त्यासाठी आणि नदीकाठासाठी "ऑन". ठरावीक ठिकाणासाठी "ॲट".

थाळनेर घ्या. "थाळनेर इज अ व्हिलेज ऑन द बँक ऑफ द तापी. देअर इज अ फोर्ट देअर. द फोर्ट इज इन रुइन्स." पहिल्यांदा "अ फोर्ट", कारण ऐकणाऱ्याला तो अजून माहीत नाही. दुसऱ्यांदा "द फोर्ट", कारण आता तो दोघांच्याही ओळखीचा झाला. पुढे सांगा, "द फारुकी किंग्ज रूल्ड खान्देश फ्रॉम हिअर. देअर टूम्ब्ज आर इन द व्हिलेज." चौदाव्या शतकात फारुकी घराण्याच्या राज्याची सुरुवात थाळनेरहून झाली, पुढे बुऱ्हाणपूर मोठं झालं. 1818 साली इंग्रजांच्या फौजेने हा किल्ला घेतला. इतिहास फार वाढवायचा नाही. पाहुण्याला जायचं असेल तर रस्ता आणि गेल्यावर काय दिसेल, एवढं आधी.

जागा बदलतही असते. आपल्या तालुक्यात 2004 पासून अमरीशभाई पटेल यांच्या पुढाकाराने आणि भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल केले गेले, एकामागे एक बंधारे बांधले गेले. बाहेर याला "शिरपूर पॅटर्न" म्हणतात. पूर्वी असं होतं, आता असं आहे, हे सांगायला "युज्ड टू" वापरा. "द स्ट्रीम युज्ड टू गो ड्राय. नाऊ देअर आर चेक डॅम्स, वन आफ्टर अनदर." मुलाखतीत मुलीला "टेल मी अबाउट युअर प्लेस" असं विचारलं, तर "माय प्लेस इज व्हेरी ब्यूटिफुल" यापेक्षा ही दोन वाक्यं तिला जास्त पुढे नेतील.

माणूस: "कशी आहे?" म्हणजे नेमकं काय विचारलं?

मराठीत "तुझी वहिनी कशी आहे?" हा प्रश्न तब्येतीचाही असू शकतो, स्वभावाचाही आणि दिसण्याचाही. इंग्रजीत प्रश्न तीन आहेत. "हाऊ इज शी?" म्हणजे तब्येत, उत्तर, "शी इज फाइन." "व्हॉट इज शी लाइक?" म्हणजे स्वभाव; उत्तर, "शी इज काइंड अँड हार्डवर्किंग." "व्हॉट डझ शी लुक लाइक?" म्हणजे दिसायला कशी, उत्तर, "शी इज टॉल अँड थिन." दुसऱ्या प्रश्नातल्या "लाइक"चा आवडण्याशी काही संबंध नाही, इथे गफलत होते.

आता एक अवघड वेळ धरू. समजा आपण तिरुपतीला गेलो आणि गर्दीत सासूबाई चुकल्या. तिथे मराठी चालत नाही, हिंदी सगळ्यांना येतेच असं नाही. पोलिसाला किंवा चौकीवरच्या माणसाला इंग्रजीत सांगायचं आहे. रडू येतंय, शब्द सुचत नाहीत. अशा वेळी आपल्या पेपरातली "हरवले आहेत" ही सूचना आठवा. वय, उंची, बांधा, केस, अंगावरचे कपडे, खूण. तीच रांग इंग्रजीत चालवा. "शी इज सिक्स्टी-फाइव्ह इयर्स ओल्ड. शी इज शॉर्ट अँड थिन. हर हेअर इज ग्रे. शी इज वेअरिंग अ ग्रीन नाइन-यार्ड साडी. शी वेअर्स ग्लासेस. शी हॅज अ टॅटू ऑन हर फोअरहेड. शी स्पीक्स ओन्ली अहिराणी." शेवटचं वाक्य विसरू नका. शोधणारा हिंदीत हाका मारत राहील आणि आजी ओ देणार नाहीत.

यात तीन बारीक गोष्टी आहेत. डोक्यावरचे केस इंग्रजीत एकवचनी: "हर हेअर इज", "हेअर्स आर" नव्हे. या क्षणी अंगावर काय आहे त्याला "इज वेअरिंग", आणि रोजच्या चष्म्याला "वेअर्स". तिसरी गोष्ट मानाची. मराठीत सासूबाईंना "त्या" म्हणतो, म्हणून इंग्रजीतही "दे" तोंडात येतं. पण "दे" म्हटलं की पोलीस दोन-तीन बायका शोधायला लागेल. "शी" म्हणा. त्यात सासूबाईंचा मान कमी होत नाही.

आणि जपून वापरायचे शब्दही आहेत. "फॅट", "ब्लॅक", "अग्ली" हे शब्द लागतात. शोधायला मदत होत असेल तर बांधा आणि वर्ण सांगायचा; त्यासाठी "हेवी-बिल्ट", "डार्क", "फेअर" हे शब्द पुरतात. पण कुणाची ओळख करून देताना रंग आणि जाडी मध्ये आणायची गरजच नाही. "धिस इज अवर ट्रेझरर. शी कीप्स अवर अकाउंट्स" यात ती बाई नीट उभी राहते.

जेवढं खरं तेवढंच

पाकिटावर लिहिताना शब्द आणखी तोलून घ्या. बोललेलं विरून जातं, छापलेलं राहतं. "सन-ड्राइड" खरं आहे, लिहा. "हॅन्डमेड" खरं आहे, लिहा. "ऑरगॅनिक" मात्र मनाला वाटलं म्हणून लिहायचा शब्द नाही. त्यासाठी 2017 साली केंद्राचे नियम आले आहेत आणि प्रमाणपत्राची व्यवस्था आहे. खाण्याच्या पाकिटावर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक, घटक, वजन, तारीख आणि शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका हवा. हाही वर्णनाचाच भाग आहे. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते पहिल्यांदा वाचलेलं खरं निघालं म्हणून.

आता सराव. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, की दहा मिनिटं काढा. एकीने पिशवीत एक वस्तू लपवायची आणि नाव न घेता इंग्रजीत पाच वाक्यं सांगायची. बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखलं तर सांगणारी जिंकली. नाही ओळखलं, तर कोणतं वाक्य कमी पडलं ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. दुसऱ्या आठवड्यात जागा, तिसऱ्यात गटातलीच एखादी मैत्रीण. तिचं मात्र हसू येईल असं नव्हे, ओळखता येईल असं वर्णन करायचं. व्याकरण चुकलं तर हसायचं नाही, हा नियम आधी सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

वही जवळ ठेवा आणि आपल्या गटाच्या मालाची पाच-पाच वाक्यं लिहून काढा. एकदा लिहिलेली वाक्यं पाकिटालाही चालतात, स्टॉललाही चालतात आणि फोनवरच्या गिऱ्हाइकालाही. आजच्यापुरतं इतकंच. नमस्कार.