ज्वारीचे माप आणि गोवराची लस

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांसाठी आरोग्यविम्याची जी योजना चालविली, तिच्यात शेतकऱ्याने हंगामावर ऐपतीप्रमाणे ज्वारी मापून द्यावी आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळावेत, अशी व्यवस्था होती, परंतु डॉ. उल्हास जाजू यांच्या परिश्रमांतून उभ्या राहिलेल्या या योजनेतील मार्मिक अट अशी, की गावातील निदान ७५ टक्के कुटुंबे सामील झाल्याखेरीज त्या गावाला तिचा लाभ मिळत नसे. नऊ महिन्यांच्या कन्येला गोवर-रुबेलाची लस टोचून घेण्यासाठी अंगणवाडीत बसलो असता माझ्या मनात हीच अट घोळत होती.

सिस्टरांनी निळ्या पेटीतून कुपी काढली, तिच्यावरील वर्तुळातला चौकोन वर्तुळाहून फिका आहे ना, हे उजेडात धरून पाहिले, भुकटीत द्राव मिसळला आणि कुपीवर वेळ लिहिली; कारण एकदा मिसळलेली ही लस चार तासांच्या पुढे वापरता येत नाही. त्या चौकोनाला उष्णतेची झळ लागत गेली, की तो काळवंडतो, आणि वैशाखात वर्ध्याचा पारा जिथे जातो तिथे ही दक्षता किती मोलाची आहे, हे सांगावयास नको.

आमच्या घराण्याला हे मोल उसन्या ज्ञानाने कळलेले नाही. आजीचा थोरला मुलगा देवीने गेला, आणि धाकट्या काकांचा पाय पोलिओने लुळा झाल्यावर ती माउली वर्षानुवर्षे कोमट तिळेलाने तो चोळीत राहिली, पण त्या पायात बळ म्हणून आले नाही. भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला. काकांच्या बालपणी पोलिओचे डोस आमच्या तालुक्यात पोहोचले असते तर, हा विचार मी आजही मनातून काढू शकत नाही.

सेवाग्रामच्या याच भूमीत १९३६ पासून राहिलेल्या महात्माजींचा देवीच्या लसीला तात्त्विक विरोध होता. वासराच्या अंगावर वाढविलेले ते द्रव्य त्यांना अशुचि आणि अहिंसेशी विसंगत वाटे. १९३० मध्ये साबरमतीच्या आश्रमात देवीने मुले दगावली, तेव्हाही त्यांचे मत ढळले नाही, मात्र ज्यांना टोचून घ्यावयाचे असेल त्यांना त्यांनी मनाई केली नाही. त्यांच्याविषयी नितांत आदर बाळगूनही मला येथे त्यांच्या शिष्येच्या बाजूने उभे राहावेसे वाटते: डॉ. सुशीला नायर १९६२ ते १९६७ या काळात केंद्रात आरोग्यमंत्री होत्या, देवी-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्येच सुरू झाला, आणि पुढे १९६९ साली त्यांनीच सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला.

गोवराचे प्रकरण अधिक बिकट आहे. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू सुमारे दोन तास हवेत तग धरतो, आणि म्हणूनच त्याचा फैलाव रोखण्यास शंभरातील ९५ मुले सुरक्षित असावी लागतात. जाजूंच्या पाऊण गावानेही येथे भागत नाही. नऊ महिन्यांखालील अर्भकाला गोवराची नियमित लस देत नाहीत, आईकडून लाभलेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, तेव्हा ते शेजारच्या टोचलेल्या मुलांच्या आधारावरच निभावते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराने बालके दगावली, ती हा आधार विरळ झाल्यामुळे. आपल्या लेकराचे काय करावे हा सर्वस्वी आपला प्रश्न आहे, असे म्हणणाऱ्या सुशिक्षित पालकांशी माझा वाद आहे तो एवढ्याचसाठी.

ज्यांना लस हवी असूनही मिळत नाही, त्यांची गोष्ट निराळी. कापूस वेचावयास, वीटभट्टीवर राबावयास येणाऱ्या कुटुंबांचा मुक्काम हलतो आणि नोंद मागेच राहते. त्या दिवशी अंगणवाडीच्या दारात उभी असलेली एक बाई संकोचाने विचारीत होती, "कार्ड गावालेच राहिलं ताई, पोराले टोचसान का?"

"काऊन नाही? आण त्याले आत," सिस्टर म्हणाल्या आणि कोऱ्या कार्डावर नाव लिहू लागल्या.