फसवणुकीची वाट विश्वासातून जाते

जळगाव शहरालगतचे असोदा हे गाव भरताच्या वांग्यांसाठी खानदेशात ओळखले जाते. परंतु साऱ्या महाराष्ट्राला ते ठाऊक आहे, ते बहिणाबाई चौधरी यांचे माहेर म्हणून. १८८० साली येथे जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या या माउलीने, दारी आलेल्या जोतिष्याला हात दाखविण्यास नकार दिल्याचे एक गाणे त्यांत आहे. दुःखाने खचलेला माणूस भविष्य ऐकावयास सर्वांत अधिक उत्सुक असतो. नेमक्या त्याच वेळी या निरक्षर स्त्रीने विवेक सोडला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याउलट, आज फसवणुकीच्या तक्रारी घेऊन पोलीस ठाण्यात येणाऱ्यांत पदवीधर असतात, सेवानिवृत्त कर्मचारी असतात आणि व्यापारीही असतात. साक्षरता आणि सावधपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसून येते. मग शहाणीसुरती माणसे का फसतात?

विश्वास हा दोष नव्हे

माणूस प्रत्येक गोष्ट स्वतः तपासून जगू शकत नाही. शिक्षकाने सांगितलेले, डॉक्टरांनी लिहून दिलेले, शेजाऱ्याने ऐकविलेले आपण बहुधा खरे मानतो आणि बहुतेक वेळा ते खरेच असते. विश्वासावाचून बाजार चालणार नाही आणि गावही चालणार नाही. फसविणारा मनुष्य याच विश्वासाचा आधार घेतो. तो गणवेश, शिक्का, ओळखीच्याचे नाव अथवा देवाचे नाव पुढे करतो. आपण त्या खुणेवर विश्वास टाकतो आणि खुणेमागचा माणूस तपासावयाचे राहून जाते.

तपासण्याची रीत आपल्याला ठाऊक नाही, असेही नाही. बैल घेताना दात पाहणारा, बियाण्याच्या पिशवीवरील मुदत वाचून पावती मागणारा शेतकरी भोळा म्हणता येणार नाही. मात्र लोभ, भीती, दुःख वा घाई मनात शिरली की हीच रीत बाजूला पडते. चतुर ठक आधी मनाची ही अवस्था निर्माण करतो आणि मगच आपला माल पुढे मांडतो.

सर्वांना लागू पडणारे भविष्य

भविष्यकथन खरे का वाटते, याचा एक प्रयोग १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने केला. त्याने आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एकेक स्वभाववर्णन दिले आणि ते कितपत जुळते यास पाचपैकी गुण देण्यास सांगितले. सरासरी चाराहून अधिक गुण मिळाले. वस्तुतः सर्वांना दिलेला मजकूर एकच होता! ‘तुम्ही कष्ट करता, पण चीज होत नाही’ यासारखे वाक्य कोणाला लागू पडणार नाही?

महाराष्ट्रातही अशी परीक्षा झाली आहे. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतील मुलांच्या कुंडल्या एकत्र करून ज्योतिष्यांना ओळखण्यास दिल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार २७ ज्योतिष्यांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून निर्णय घेतला असता तर ५० टक्क्यांच्या आसपास यश मिळाले असते.

पहिला हप्ता वेळेवर येतो

पैशाच्या फसवणुकीत पहिला व्यवहार बहुधा चोख असतो. १९२० साली बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी याने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देण्याचे आश्वासन दिले आणि नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जुन्यांना तो दिलाही. ज्यांना पैसे मिळाले त्यांनीच नातलगांना आणले. नवी रक्कम येणे थांबताच डोलारा कोसळला. आपल्याकडील ‘दामदुप्पट’ योजनांचे गणित याहून वेगळे नाही. खेडा खरेदीतील कापसाचा व्यवहारही असाच फसू शकतो. पहिल्या गाडीचे पैसे चढ्या भावाने रोख, दुसऱ्या गाडीचे आठ दिवसांनी आणि तिसऱ्या गाडीनंतर व्यापारी बेपत्ता. चोख मिळालेला पहिला हप्ता हा प्रामाणिकपणाचा पुरावा नसून पुष्कळदा तो गळाला लावलेले आमिष असते.

गर्दीची साक्ष

‘सगळे म्हणतात’ हा आणखी एक सापळा होय. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली दाखवून दिले की, सोबतच्या मंडळींनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले, तर डोळ्यांना स्पष्ट दिसणाऱ्या रेषेच्या लांबीबाबतही माणसे सुमारे एक-तृतीयांश वेळा त्यांच्या मागे जातात.

प्रयोगशाळेतील ही दुर्बलता गावात किती भीषण रूप घेते, हे खानदेशाने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. मुले पळविणारे आले आहेत, अशा अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून देशभर पसरत होत्या. त्यांसोबत फिरणारी एक चित्रफीत तर कराचीमध्ये बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. तिचा खुलासा करणारा शेवटचा भाग तेवढा कापून टाकलेला होता. राईनपाड्यात ही मारहाण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात झाली, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी विसरू नये. जेथे चौकशी व्हावयाची, तेथेच अफवेने निवाडा केला. आपल्या मुलांच्या काळजीपोटी माणसे जमली आणि निरपराधांचे बळी गेले. भोळेपणाची किंमत नेहमी भोळ्यालाच मोजावी लागते असे नाही.

कायदा आणि गाव

या बाबतीत कायदे अपुरे नाहीत. साखळी पद्धतीच्या पैसा फिरविण्याच्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय अधिनियमाने बंदी आहे. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा अधिनियम आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी अधिनियम अस्तित्वात आला. त्याखाली सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. बँक दूरध्वनीवरून सांकेतिक क्रमांक विचारीत नाही आणि ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळविले, तर गेलेली रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता असते.

पण पुष्कळ तक्रारी नोंदविल्याच जात नाहीत, कारण फसलेल्या माणसाला लाज वाटते. ‘एवढा शिकलेला, तरी फसला’ असे गाव म्हणेल, या भीतीने तो गप्प राहतो आणि त्याच्या मौनामुळे ठकाला शेजारचे घर मोकळे मिळते. यास्तव फसलेल्यास हसू नये, ही गावाची रीत झाली पाहिजे. ग्रामसभेत असे अनुभव नावे न घेता सांगितले जावेत. शिक्षकांनी वर्गात फोररचा प्रयोग करून पाहावा. त्यास एका कागदापलीकडे काहीही खर्च नाही. गावात अनोळखी माणसे आली, तर पोलीस पाटील व पोलीस ठाण्यास कळवून चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांचे रक्षण करणे, हे पंचायतीचे कर्तव्य मानावे.

नागरिकांनीही एक साधा नियम पाळावा. जो ‘आत्ताच’ आणि ‘कोणाला सांगू नका’ असे म्हणतो, त्याला एक रात्र थांबवावे आणि घरातील एका माणसास विचारावे. खरा व्यवहार एका रात्रीने बिघडत नाही. असोद्याच्या लेकीने शाळेचे तोंड न पाहता जोतिष्याला दारातून परत पाठविले. शाळा पाहिलेल्या आपणा सर्वांना निदान एक प्रश्न विचारणे जड जाऊ नये.