प्रयोगशाळेतील मूषक आणि आपला प्रमेही रुग्ण
अमुक वनस्पतीच्या घनसत्त्वाने मधुमेही मूषकांची रक्तशर्करा घटली, एवढे वाचून मात्रा ठरवू नये. ते मूषक मधुमेही कसे केले, हे प्रथम पाहावे. १९४३ पासून मधुमेहकारक म्हणून ज्ञात असलेले अ‍ॅलोक्झान व नंतरचे स्ट्रेप्टोझोटोसिन स्वादुपिंडातील बीटा पेशीच नष्ट करतात. प्राणी कृश होतो. चरकोक्त कृश प्रमेहीशी त्याचे साम्य दिसते. आपले बहुसंख्य रुग्ण मात्र स्थूल; त्यांच्यात इन्सुलिन असूनही त्याचे कार्य मंदावलेले असते. त्यांच्यासाठी स्निग्ध आहारावर पोसलेल्या मूषकांवरील प्रयोग अधिक बोधप्रद. आणि इन्सुलिनवर जगणाऱ्या कृश रुग्णाची सुई अशा निबंधाच्या भरवशावर थांबविणे प्राणघातक ठरेल. मात्रेचा हिशेबही वेगळा. मूषकास प्रतिकिलो २०० मिलिग्रॅम म्हणजे, शरीराच्या पृष्ठफळानुसार, मनुष्यास सुमारे ३२. साठ किलो वजनास जवळजवळ दोन ग्रॅम, तेही घनसत्त्व, चूर्ण नव्हे.