कर्ण्यासमोरची तीन मिनिटं

पुण्यात नारायण पेठेतल्या केसरीवाड्यातून २०१२ साली एक ध्वनिफीत जाहीर झाली. १९१५च्या गणेशोत्सवातली मैफल आणि गलका करणाऱ्या श्रोत्यांना दटावणारा लोकमान्य टिळकांचा आवाज, असं तेव्हा सांगण्यात आलं. ऐकताना अंगावर काटा आला, खोटं कशाला बोला! पण जुन्या तबकड्यांचा नाद असलेल्या माणसाला लगेच दुसराच प्रश्न पडतो: हे मुद्रित केलं कशावर?

तबकड्यांच्या मुद्रणात मायक्रोफोन रुळला तो १९२५पासून. त्याआधी गवयाने पत्र्याच्या कर्ण्यात जवळजवळ तोंड खुपसून गायचं. आवाजाच्या धक्क्याने पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या, जाड थाळीवर नागमोडी चर कोरत जाई. चर कोरायचं सगळं बळ गळ्याचंच. दोन पावलं मागे सरकलं की आवाज विरलाच म्हणून समजा. मेण वाजवून पाहायची सोय नव्हती, कारण सुई फिरली की चर बिघडत. त्यावर तांब्याचा थर चढवून उलटा साचा काढायचा आणि त्याने लाखेच्या लगद्यातून तबकडी दाबायची. आपण कसे गायलो, हे बुवांना त्यानंतरच कळे! ती लाखही बव्हंशी भारतातलीच.

दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि जेमतेम तीन मिनिटांत संपे. लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली, म्हणून खरखर ठरलेली. पुढे आलेलं विनाइल गुळगुळीत असल्याने चर अरुंद करता आले. १९४८ साली कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली आणि एका बाजूवर वीसेक मिनिटं मावू लागली. त्यातही एक युक्ती आहे. खर्जाचा स्वर चराला फार रुंद झोके देतो, म्हणून कोरताना खर्ज दाबतात, तीव्र स्वर वाढवतात आणि वाजवताना नेमकं उलट करतात.

आता मंडप, गर्दी आणि लांबून आलेला दटावणीचा आवाज आठवा. १९१५च्या कर्ण्याने हे टिपणं मला तरी कठीण वाटतं. पोलादी तारेवर आवाज नोंदवायची डॅनिश संशोधक पोल्सेनची युक्ती १८९८ची, हे खरं. पण ध्वनिवर्धकाविना तो आवाज फार क्षीण येई.

म्हणून ती फीत ऐकताना माझं लक्ष आता शब्दांवर कमी आणि मागच्या खरखरीवर जास्त असतं. मूळ नोंद ७८च्या तबकडीवरची असेल आणि तिला ओरखडा असेल, तर तोच ‘टक’ दर फेऱ्याला, म्हणजे दहा सेकंदांत तेरा वेळा यायला हवा.