विज्ञान प्रकल्पात लेझर वापरताना…



आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालू होती. सहावीतल्या एका मुलाने 'चोर आला की वाजणारा अलार्म' बनवला. एका टोकाला लेझर, दुसऱ्या टोकाला एलडीआर. मधून कोणी गेलं, की किरण तुटतो आणि बझर वाजतो. प्रकल्प खरंच छान होता, मीही शाबासकी दिली. मग पहिलीची मुलं बघायला आली आणि माझ्या लक्षात आलं, टेबलावरचा तो किरण बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर होता! मी लगेच लेझर बंद करायला लावला.

लेझर आठवडे बाजारातून आणलेला, की-चेनला लावायचा. त्यावर किती मिलिवॅट हे लिहिलेलंच नव्हतं.

धोका नेमका कशात?

बॅटरीचा उजेड पसरत जातो, त्यामुळे लांबून त्यातला थोडाच डोळ्यात जातो. लेझरचा किरण बारीकच राहतो, म्हणून तो जवळजवळ सगळा बाहुलीतून आत शिरतो. आत डोळ्याचं भिंग त्याला दृष्टिपटलावर एका टिंबाएवढ्या जागी एकवटतं. उन्हात भिंगाने कागद जाळतो ना, तसंच काहीसं. शिवाय दृष्टिपटलाला वेदना होत नाहीत. इजा झाली तरी मूल रडत नाही आणि आपल्याला कळत नाही.

१ मिलिवॅटपर्यंतचे लेझर 'वर्ग २' मध्ये येतात. त्यात साधारण पाव सेकंदात पापणी मिटते आणि डोळा वाचतो. पण मुलं 'कोण जास्त वेळ बघतं' अशी पैज लावतात, तिथे पापणीचा उपयोग नाही. जास्त ताकदीच्या लेझरपुढे पापणी मिटेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. स्वस्त हिरव्या लेझरमधून कधी कधी न दिसणारे अवरक्त किरणही बाहेर पडतात.

२०२४ मध्ये कोल्हापूरजवळच्या उचगावात गणपतीच्या मिरवणुकीत लेझरमुळे एका तरुणाच्या डोळ्यात रक्तस्राव झाल्याची बातमी आपण वाचली. त्याच वर्षी पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात लेझर बीमच्या दिव्यांवर बंदी घातली. ते दिवे खेळण्यातल्या लेझरपेक्षा कितीतरी ताकदवान असतात, पण डोळा तोच आहे.

मग प्रकल्प करायचाच नाही का?

करायचा, पण असा:

१. 'वर्ग २, १ मिलिवॅटपेक्षा कमी' असं लिहिलेलाच लेझर घ्यावा. काहीच लिहिलेलं नसेल तर वापरू नये.
२. लेझर हातात धरू नये, टेबलाला घट्ट बसवावा.
३. किरण खोक्याच्या आत ठेवावा. शेवटी काळा खरखरीत कागद लावावा.
४. आजूबाजूला आरसा, स्टीलचा डबा, घड्याळ नको. त्यावरून परतलेला किरणही तितकाच घातक असू शकतो.
५. खोली उजेडाची असावी. अंधारात बाहुली मोठी होते.
६. शिक्षक समोर असतानाच लेझर चालू करावा. काम झालं की सेल काढून ठेवावेत.

चुकून किरण डोळ्यात गेला आणि डाग दिसू लागला किंवा धूसर दिसलं, तर डोळा चोळू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावं.

आमच्या मुलाने काय केलं? लेझर काढून साधी एलईडी बॅटरी लावली. एलडीआरला काळ्या कागदाची नळी घातली, म्हणजे बाजूचा उजेड त्यात जात नाही. अंतर फूटभर ठेवलं. बझर तसाच वाजला! प्रदर्शनात त्याला विचारलं, "लेझर का नाही वापरला?" तेव्हा त्याने वर लिहिलेलं सगळं स्वतःच्या शब्दांत सांगितलं. मला वाटतं, त्या प्रकल्पातलं खरं विज्ञान तेच होतं.

पालकहो, आज एकदा मुलांच्या दप्तरात आणि खेळण्यांत बघा. असा लेझर सापडला तर मुलांना रागावू नका. जवळ बसवून हे समजावून सांगा.